शिकवणी वर्ग सुरू करायचा आहे? कायदा काय सांगतो?

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की गावोगावी, आळीआळीत आणि इमारतींच्या प्रवेशद्वारांवर छोटे-छोटे फलक दिसू लागतात. ‘पाचवी ते दहावी, सर्व विषय’, ‘इंग्रजी संभाषण वर्ग’, ‘गणित व विज्ञान, मर्यादित जागा’ अशा या फलकांमागे बहुधा आपल्याच परिसरातील एखादी पदवीधर तरुणी, बी.एड. होऊनही नोकरीची वाट पाहणारा युवक, मुले मोठी झाल्यामुळे थोडा वेळ हाती आलेली गृहिणी किंवा सेवानिवृत्त शिक्षक असतो. भांडवल थोडे लागते, जागा बहुतेक वेळा घरचीच असते आणि शिकवण्याची हौस असते. आपल्या समाजाला तर शिक्षणसेवेची मोठी परंपरा आहे. तेव्हा असा उद्योग करू पाहणाऱ्यांचे मनापासून स्वागतच व्हायला हवे.

मात्र या विषयात दोन टोकाच्या समजुती आढळतात. ‘घरच्या घरी चार मुलांना शिकवायला कसला आला परवाना?’ असे म्हणून काही जण कायद्याकडे पूर्ण पाठ फिरवतात. उलट काही जण ‘पंधरा-वीस दाखले लागतात’ या भीतीने एखाद्या दलालाच्या हाती हजारो रुपये सोपवतात. खरी परिस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. लहान शिकवणी वर्गाला लागणारी सरकारी कागदपत्रे थोडी आहेत आणि ती स्वतः मिळवता येण्याजोगी आहेत. परंतु दुसऱ्यांची मुले आपल्या छताखाली येतात, त्या क्षणापासून कायदा आपल्यावर जी जबाबदारी टाकतो ती मोठी आहे; आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते. महाराष्ट्रापुरती या सर्व बाबींची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

शाळा की शिकवणी?

सर्वप्रथम आपण नेमके काय सुरू करीत आहोत, हे स्वतःशी स्पष्ट करावे. शाळेत जाणाऱ्या मुलांना शाळेच्या वेळेबाहेर अभ्यासात मदत करणे म्हणजे शिकवणी. मुले शाळेत जाण्याऐवजी आपल्याकडेच दिवसभर शिकू लागली, तर ती शाळा ठरते. २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. तसे केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही ती चालूच ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर नवी शाळा काढण्यासाठी २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा लागू आहे. ते क्षेत्र मोठ्या संस्थांचे असून या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.

टंकलेखन संस्था काढायची असेल आणि विद्यार्थ्यांना शासकीय परीक्षेस बसवायचे असेल, तर शासनाची मान्यता घ्यावी लागते. या परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक अभ्यासक्रम शिकवायचा असेल, तर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचे अधिकृत केंद्र व्हावे लागते. स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र छापून ते ‘शासनमान्य’ असल्याचे भासवणे ही फसवणूक आहे. बालवाडी किंवा पाळणाघर हाही वेगळा विषय असल्याने त्यासाठी आधी शिक्षण विभागाकडे तसेच महिला व बालविकास विभागाकडे चौकशी करावी.

शिकवणार कोण?

आपल्या धर्मग्रामांत शिक्षकांची संख्या मोठी आहे, म्हणून हा मुद्दा ठळकपणे सांगणे आवश्यक वाटते. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे शाळेत सेवेत असलेल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. शिकवणी पत्नीच्या नावावर आणि शिकवणारे मात्र स्वतः गुरुजी, ही पळवाट अनेक ठिकाणी दिसते. पण तक्रार झाली तर चौकशीत नाव पाहिले जात नाही, फळ्यासमोर कोण उभे होते ते पाहिले जाते. नोकरीवर गदा येण्याइतका हा विषय गंभीर आहे. सेवानिवृत्तांना हे बंधन नाही. घरातील नोकरी नसलेली व्यक्ती स्वतः शिकवत असेल, तर तिलाही नाही.

नाव आणि स्वरूप

एकट्या व्यक्तीने सुरू केलेल्या वर्गासाठी कंपनी स्थापन करण्याची गरज नसते. आपल्या स्वतःच्या पॅन क्रमांकावर एकल मालकीचा व्यवसाय करता येतो आणि सुरुवातीला तेच सोयीचे असते. दोघी मैत्रिणी किंवा दोघे भाऊ मिळून वर्ग काढत असतील, तर मात्र केवळ तोंडी बोलण्यावर विसंबू नये. कोणी किती पैसे घातले, फीचे वाटप कसे होणार, एकाने माघार घेतली तर फळे-बाके कोणाची, हे भागीदारी करारपत्रात लिहून ठेवावे आणि १९३२ च्या भागीदारी अधिनियमाखाली त्या भागीदारीची नोंदणी करून घ्यावी. नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातील हक्कांसाठी न्यायालयात दावा लावताना अडचण येते. नातेसंबंध टिकवायचे असतील तर हिशेब कागदावर असलेला बरा.

नाव निवडतानाही काळजी घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमानुसार खऱ्याखुऱ्या विद्यापीठाशिवाय इतर संस्थेने आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरणे निषिद्ध आहे. सरकारी संस्था असल्याचा भास होईल अशी नावे व बोधचिन्हे यांवर १९५० च्या एका केंद्रीय कायद्याने निर्बंध घातलेले आहेत. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकाने व आस्थापनांचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे सक्तीचे झाले आहे. इतर भाषांतील मजकूर त्यासोबत चालतो, पण मराठी अक्षरे आधी आली पाहिजेत आणि ती इतर अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. कर्मचारी एकच असला तरी हा नियम लागू आहे. ‘इंग्लिश स्पीकिंग’चा वर्ग असला तरी फलकावर मराठी हवीच!

जागेचा प्रश्न

स्वतःच्या बैठ्या घरातील एका खोलीत आठ-दहा मुलांना शिकवणे वेगळे आणि चौथ्या मजल्यावरील सदनिकेत पाळीपाळीने साठ मुले आणणे वेगळे. गृहनिर्माण संस्थेतील सदनिका राहण्यासाठी दिलेली असते. तिचा अन्य कारणासाठी वापर करायचा असेल, तर संस्थेच्या उपविधींप्रमाणे समितीची लेखी परवानगी घ्यावी. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा शिकवण्याबद्दल नसते. जिन्यातील गोंगाट, चपलांचे ढीग आणि वाटेत उभ्या केलेल्या सायकली हीच तिची कारणे असतात. वेळ, विद्यार्थ्यांची संख्या आणि वाहने ठेवण्याची जागा अर्जातच नमूद केली, तर परवानगी मिळणे सोपे जाते. जागेचा वापर बदलतो तेव्हा महापालिकेच्या नगररचना विभागाचे नियम लागू होतात, आणि घरपट्टीची आकारणीही निवासीऐवजी अनिवासी दराने होऊ शकते. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामपंचायत कार्यालयात चौकशी करावी.

विजेच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. घरगुती वापरासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कारणासाठी वापरल्यास २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली तो ‘अनधिकृत वापर’ ठरू शकतो आणि लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात आपला वापर कोणत्या वर्गवारीत बसतो हे विचारून घ्यावे.

जागा भाड्याने घेत असाल तर ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. ती जबाबदारी कायद्याने जागामालकावर टाकली आहे. जागा शिकवणी वर्गासाठी घेतली आहे, हे त्या करारात स्पष्ट लिहिलेले असावे. पुढे अनेक कार्यालयांत जागेचा पुरावा म्हणून हाच कागद मागितला जातो.

धर्मग्रामाचे सभागृह वापरायचे असेल तर

‘फादर, हॉल दुपारी रिकामाच असतो, आम्हाला क्लाससाठी द्या’ ही विनंती बहुतेक धर्मगुरूंच्या परिचयाची आहे. हेतू चांगला असला तरी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. धर्मग्रामाची मालमत्ता सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या नावावर असते, तेथे ती कोणा एका व्यक्तीच्या मर्जीने देता येत नाही. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे अशी इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. थोड्या मुदतीसाठी द्यायची असली तरी धर्मग्रामाच्या आर्थिक समितीत ठराव, लेखी करार, ठरलेला मोबदला आणि त्याची पावती या चार गोष्टी असाव्यात. दुसरे म्हणजे, सभागृहात येणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी केवळ वर्गचालकावर राहत नाही, तर जागा देणाऱ्यावरही येते. म्हणून किल्ली कोणाकडे राहील, वर्ग किती वाजता संपेल, मोठ्यांपैकी कोण हजर असेल हे आधीच ठरवावे आणि धर्मप्रांताचे बालसुरक्षाविषयक नियम वर्गचालकालाही लागू राहतील असे करारात लिहावे.

नोंदण्या व कर

आता प्रत्यक्ष सरकारी नोंदण्यांकडे वळू. ही यादी लहान आहे.

पहिली नोंदणी म्हणजे लोक ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात ती. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत तशी सूचना ऑनलाइन द्यायची असते आणि तिची पोच मिळते. बँकेत व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडताना ही पोच उपयोगी पडते.

दुसरी नोंदणी व्यवसाय कराची. १९७५ च्या राज्य कायद्यानुसार व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये कर भरायचा असतो. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांना यातून सूट आहे, ही गोष्ट सेवानिवृत्त शिक्षकांनी लक्षात ठेवावी. पगारी शिक्षक नेमला आणि त्याचा पगार कराच्या मर्यादेत बसत असेल, तर मालक म्हणून दुसरी नोंदणी करून त्याच्या पगारातून कर कापून भरावा लागतो. महिला कर्मचाऱ्यांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर २०२३ पासून हा कर नाही.

तिसरा विषय वस्तू व सेवा कराचा, म्हणजे जीएसटीचा. मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षणसेवेला या करातून सूट आहे, शिकवणी वर्गाला ती नाही. मात्र वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर नोंदणीच करावी लागत नाही. उदाहरणार्थ, ३० विद्यार्थ्यांकडून दरमहा ८०० रुपये फी घेतली, तर बारा महिन्यांचे २ लाख ८८ हजार रुपये होतात. ६० विद्यार्थी आणि १,५०० रुपये फी असली तरी वर्षाला १० लाख ८० हजार रुपयेच जमतात. तेव्हा बहुसंख्य घरगुती वर्ग या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतात. परंतु २० लाखांचा हिशेब केवळ क्लासचा धरला जात नाही. त्याच पॅन क्रमांकावर दुसरा व्यवसाय किंवा भाड्याचे उत्पन्न असेल, तर तेही त्यात मिळवले जाते. मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांत नोंदणी करावी लागते आणि सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. उलाढाल ५० लाखांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकांना विद्यार्थ्यांकडून कर न घेता आपल्या उलाढालीवर ६ टक्के भरण्याची आपसमेळ योजनाही उपलब्ध आहे. गायन, वादन, नृत्य यांसारख्या कला स्वतः शिकवणाऱ्या व्यक्तीच्या सेवेला जीएसटीतून सूट आहे, हे आपल्या संगीतशिक्षकांनी जाणून असावे.

चौथा विषय प्राप्तिकराचा. शिकवणीची फी हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवायला हवे. पावती पुस्तक, जमाखर्चाची एक साधी वही आणि वेगळे बँक खाते एवढे सुरुवातीपासून ठेवले, तर वर्षअखेरीस धावपळ होत नाही. आज नोंद ठेवलेले उत्पन्नच उद्या गृहकर्जाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

याखेरीज २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी ऐच्छिक आहे. ती शासनाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे पूर्णपणे विनाशुल्क होते. सरकारी वाटतील अशी नावे धारण करून शुल्क उकळणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. बाके, फळा, संगणक यांसाठी कर्ज हवे असेल तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते.

आग, पाणी आणि बाहेर पडण्याची वाट

येथपर्यंतच्या बाबी चुकल्या तर दंड भरून सुटका होऊ शकते. यापुढील बाबी चुकल्या, तर त्याची भरपाई कोणत्याही दंडाने होत नाही.

२४ मे २०१९ रोजी सुरत शहरातील सरथाणा भागातील एका व्यापारी संकुलाला आग लागली. वरच्या मजल्यावर, गच्चीवर उभारलेल्या बांधकामात शिकवणी वर्ग चालू होता. आग जिन्याच्या बाजूने पसरल्यामुळे मुलांना खाली उतरता आले नाही. काहींनी जीव वाचवण्यासाठी वरून उड्या मारल्या. २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील जुन्या राजेंद्र नगरात एका प्रशिक्षण केंद्राच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ते तळघर साठवण आणि वाहनांसाठी मंजूर होते, वापर मात्र ग्रंथालयासारखा चालला होता. दोन्ही घटनांत मूळ दोष एकच दिसतो. जी जागा माणसे बसवण्यासाठी नव्हती, तेथे मुले बसवली गेली.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतील अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे. परवानाधारक यंत्रणेकडून तपासणी करून तिचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाला द्यायचे असते. गाळा भाड्याने घेण्यापूर्वी हे प्रमाणपत्र दाखवा, असे मालकाला निःसंकोच सांगावे.

घरगुती वर्गालाही काही गोष्टी सहज करता येतात. पत्र्याच्या शेडखाली, पोटमाळ्यावर किंवा तळघरात मुले बसवू नयेत. दाराशी चपला, सायकली वा खोकी साठू देऊ नयेत. खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या असतील, तर त्यांतील एक उघडता येईल अशी करून घ्यावी. अग्निशामक नळकांडे ठेवावे आणि ते कसे वापरायचे ते मोठ्या मुलांना दाखवावे. एकाच तारेवर पंखे, दिवे आणि वातानुकूलन यंत्र चालवू नये. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या सखल भागात वर्ग केव्हा बंद ठेवायचा, हे पालकांना आधीच कळवावे.

मुलांची सुरक्षितता

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे ‘पॉक्सो’, शिकवणी वर्गालाही लागू आहे. कलम १९ नुसार असा अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे कळल्यास त्याची खबर पोलिसांना देणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. खबर न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत. ‘वर्गाची बदनामी होईल’, ‘मुलीचे पुढे कसे होणार’, ‘आपापसात मिटवू’ या सबबी कायदा मान्य करीत नाही, आणि सद्‌सद्विवेकबुद्धीलाही त्या मान्य होऊ नयेत. मुलाची ओळख प्रसिद्ध होऊ न देणे, हेही कायद्यानेच सांगितले आहे.

२०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. शिक्षक, मदतनीस, मुलांना सोडणारा रिक्षाचालक यांपैकी कोणालाही ‘ओळखीचा आहे’ म्हणून वगळू नये. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवू नये. दार उघडे असावे किंवा त्याला काच असावी. विद्यार्थ्यांना खासगी संदेश न पाठवता पालकांचा समावेश असलेल्या गटावरच सूचना द्याव्यात. मारणे, अपमान करणे, सर्वांसमोर गुण वाचून हिणवणे हे शिस्तीचे मार्ग नव्हेत. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर ठळकपणे लावावा.

पन्नास विद्यार्थ्यांची रेषा

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी केंद्रांच्या नियमनासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करून राज्यांकडे पाठवली. त्यांत ‘कोचिंग सेंटर’ची व्याख्या ५० पेक्षा अधिक विद्यार्थ्यांना शिकवणारे केंद्र अशी आहे. क्रीडा, नृत्य, नाट्य आदी कलांचे वर्ग तीतून वगळलेले आहेत. म्हणजे २५-३० मुलांचा घरगुती वर्ग या व्याख्येत येत नाही. परंतु संख्या ५० च्या पुढे नेण्याचा विचार असेल, तर ही तत्त्वे नीट वाचणे आवश्यक आहे. त्यांनुसार केंद्राची नोंदणी व्हावी आणि प्रत्येक शाखेची नोंदणी वेगळी असावी. शिकवणारा किमान पदवीधर असावा. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये. दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा असावी. शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये आणि आठवड्याची सुटी द्यावी. विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी आणि अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये. नियमभंगासाठी पहिल्यांदा २५ हजार आणि दुसऱ्यांदा एक लाख रुपये दंड, त्यानंतर नोंदणी रद्द, अशी तरतूद सुचवलेली आहे.

ही तत्त्वे प्रत्यक्ष बंधनकारक होतात ती राज्याच्या कायद्याद्वारे किंवा नियमांद्वारे. महाराष्ट्रात अशा कायद्याचा मसुदा २०१८ मध्येच तयार झाला होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांविषयीच्या एका प्रकरणात राज्यांना शिकवणी केंद्रांची नोंदणी आणि तक्रार निवारण यांविषयी नियम करण्याचा निर्देश दिला. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत, १०० वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, मदत क्रमांक ठळकपणे लावावेत असेही त्या निकालात सांगितले आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक लहान वर्गानेही लावून ठेवण्यास काय हरकत आहे? वर्गाचा विस्तार करण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे लागू नियमांची लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे.

जाहिरात, फी आणि नोट्स

‘हमखास ९५ टक्के!’ असे वचन कोणताही प्रामाणिक शिक्षक देऊ शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांप्रमाणे यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे असेल, तर त्याची लेखी संमती निकाल लागल्यानंतर घ्यावी लागते. प्रवेशाच्या वेळी घेतलेली सही चालत नाही. लहान वर्गानेही हाच दंडक पाळावा आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी.

फीविषयीचे नियम एका पानावर छापून प्रवेशाच्या वेळी पालकांच्या हाती द्यावेत. किती फी, कधी भरायची, त्यात काय समाविष्ट आहे, मध्येच सोडल्यास किती परत मिळणार, एवढे त्यात असावे. पावती प्रत्येकाला द्यावी. फी भरणारा पालक हा ग्राहक असल्याने तो ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. प्रकाशकांची मार्गदर्शके जशीच्या तशी छायाप्रती काढून विकणे हा १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचा भंग आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतः नोट्स तयार कराव्यात. त्यात शिक्षकाचाही अभ्यास होतो.

सुरुवात कशी करावी?

वरील सर्व वाचून कोणी घाबरून जाऊ नये. २०-२५ मुलांचा घरगुती वर्ग काढणाऱ्या भगिनीला प्रत्यक्षात करायचे ते इतकेच: सोसायटीची लेखी परवानगी, वीज कार्यालयात चौकशी, दुकाने व आस्थापना कायद्याखालील ऑनलाइन सूचना, व्यवसाय कराची नावनोंदणी, वेगळे बँक खाते आणि पावती पुस्तक. ही कामे एखाद्या महिन्यात स्वतःला करता येतात. अडचण वाटल्यास आपल्या धर्मग्रामातील एखाद्या वकिलाचा किंवा लेखापालाचा सल्ला घ्यावा. त्यांनीही अशा धडपडणाऱ्या तरुणांसाठी महिन्यातील एक संध्याकाळ राखून ठेवली, तर ती मोठी सेवा ठरेल.

पालकांचेही एक कर्तव्य आहे. क्लास निवडताना आपण गुणांची चौकशी करतो. त्यासोबत बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, शिकवणारे कोण आहेत, फीची पावती मिळते का, हेही विचारायला हवे. पालक प्रश्न विचारू लागले की वर्गचालक आपोआप दक्ष होतात.

आई-बाप आपले मूल दोन तासांसाठी आपल्या हवाली करतात तेव्हा त्यांनी आपल्यावर मोठा विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासाला पात्र राहण्यासाठी जे करायला हवे, त्यातील किमान भाग कायद्याने लिहून ठेवला आहे. तेवढा तरी मनापासून पाळावा, मग आपल्या दारावरचा तो छोटा फलक कोणाच्याही नजरेला नजर देऊ शकेल. नव्या वर्षात वर्ग सुरू करणाऱ्या सर्व शिक्षक बंधू-भगिनींना आमच्या हार्दिक शुभेच्छा!